मामाच्या काट्यावर दोन पोती

“लाऽभ… लाभ, शंभर दोन… दोऽन… दोन, शंभर एक…”

हा आवाज मी समज येण्याआधीपासून ऐकत आले. गहिनीमामाचा आवाज. आमच्या गावच्या अडत बाजारात तो तोलार होता, शेतमालाचं वजन करणारा. काट्याला टांगलेलं पहिलं पोतं तो ‘एक’ म्हणून मोजत नसे. तोलाराच्या तोंडी पहिलं पोतं ‘लाभ’, मग दोन, मग तीन. थप्पी संपेपर्यंत तो आवाज पत्र्याच्या शेडखाली गात राहायचा. शेवटचं पोतं उतरलं की खालच्या पट्टीत यायचा आणि दोन शब्द बोलून थांबायचा: “बारदान वजा.”

बारदान म्हणजे रिकामं पोतं. पोत्यामागे एक किलो कमी करायचं, उरतो तो खरा माल. हे दोन शब्द झाले की हमाल घाम पुसायचे, अडत्या पेनाला टोपण लावायचा आणि आम्ही पोती शिवणाऱ्या बाया दाभण-सुतळी उचलून पुढच्या थप्पीकडे सरकायचो.

आई मामाची थोरली बहीण. आमचे वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची आणि अंकुश दीड वर्षाचा. मामानं आमचं बिऱ्हाड उचललं आणि आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. त्यानं लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की मला एका हाताला आणि अंकुशला दुसऱ्या हाताला लोंबकळत ठेवायचा आणि म्हणायचा, “माझी दोन्ही पारडी भरल्याली हायती.”

आई बाजारात सांडलेले दाणे झाडून, पाखडून विकायची. एका वर्षी तिनं एक पोतं भरून ज्वारी साठवली आणि भावाच्याच काट्यावर आणली. पोतं इतकं विरलेलं की अर्धा किलोही भरलं नसतं. मामानं वजन केलं आणि नेहमीच्या पट्टीत म्हणाला, “बारदान वजा.” पुरा एक किलो. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जात्यावर बसली आणि दळता दळता तिच्या तोंडून आलं:

काटा धरीतो बंधू माझा, काटा वाऱ्यानं हालंना
सख्ख्या बहिणीच्या पोत्याला, एक दाणा गं ढळंना

हा टोमणा होता की कौतुक, ते तिचं तिलाच ठाऊक. पण बाजारातल्या बायांनी ती ओवी उचलली. पोती शिवताना दाभणाच्या ठेक्यावर आम्ही ती म्हणायचो आणि पलीकडे काट्यापाशी मामाचे कान लाल व्हायचे.

आई गेली त्यानंतर चार वर्षांनी, माघ महिन्यात, अंकुशला पोलिसांनी धरलं.

तो तेव्हा बावीस वर्षांचा. दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. कडबाकुट्टीचं यंत्र पोचवून रिकामा परतत होता. एका ढाब्यावर एका माणसानं दोन पोती चढवली. जनावरांच्या औषधाचा पाला आहे, बायपासच्या नाक्यावर माझा माणूस उतरवून घेईल, असं सांगितलं. नाक्यावर माणूस होता, पण तो पोलिसांचा होता. पोत्यांत गांजा निघाला.

संध्याकाळी हमालांचा मुकादम दारात येऊन हे सांगून गेला. मामा त्याच्याआधी तासभर घरी आला होता. आल्या आल्या काटा खुंटीला अडकवला, हातपाय धुतले, मग पुन्हा धुतले आणि उंबऱ्यात बसला. मुकादम बोलत होता तेव्हा मामानं मान वर केली नाही. मला वाटलं, लाजेनं. भाकरी वाढली तर म्हणाला, भूक नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामाचा आवाज गेला. बोलणं नाही गेलं, गाणं गेलं. लाभ, दोन, तीन, असं तो कोरडं मोजायला लागला, आणि थप्पी संपली की गप्पच उतरायचा. बारदानाची वजावट अडत्या आपली आपण करून घ्यायचा. हमाल विचारायचे, “गहिनीतात्या, घसा बसला का?” तो म्हणायचा, “वय बसलं.”

वकील कसा शोधतात, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला माप माहीत, धान्य माहीत. कुणीतरी जिल्ह्याच्या गावातल्या एका मोठ्या वकिलांचं नाव सांगितलं. त्यांच्या ऑफिसात गार हवेचं यंत्र होतं आणि भिंतभर जाडजूड पुस्तकं. त्यांनी कागद चाळले, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “एकवीस किलो तीनशे. वीसच्या वर आहे बाई. वीसच्या वर गेलं की जामीन विसरायचा आणि शिक्षा झाली तर दहा वर्षांच्या आत नाही.” जामिनाचा अर्ज त्यांनी केला. तो फेटाळला गेला. पुढच्या तारखांना ते आले नाहीत, त्यांचा शिकाऊ मुलगा यायचा आणि पुढची तारीख घेऊन जायचा. आठ महिने असे गेले. मग मी एके दिवशी जाऊन म्हटलं, माझे कागद परत द्या. त्यांनी दिले. मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं.

मी दहावी शिकलेली. एसटीच्या थांब्यावर बसून पहिल्यांदाच सगळे कागद वाचले. पंचनाम्याच्या तिसऱ्या पानावर ओळ होती: बाजारपेठेतून वजन करणारा इसम नामे गहिनीनाथ मस्के यास काट्यासह बोलावून घेतले, त्याने पंचांसमक्ष वजन केले असता पहिले पोते दहा किलो सातशे ग्रॅम, दुसरे दहा किलो सहाशे ग्रॅम भरले. खाली मामाची सही होती, तो शिकला होता तेवढी, मोठ्या मोठ्या अक्षरांत.

एसटी आली आणि गेली. मी बसून राहिले.

पोलिसांना काय माहीत की हे मामा-भाचे आहेत. आमचं आडनाव लोंढे, त्याचं मस्के. जवळचा तोलार म्हणून त्यांनी त्याला उचलून नेलं होतं.

घरी गेले तेव्हा मामा कंदिलाची काच पुसत होता. मी उभ्यानंच विचारलं, “मामा, काटा तुझा होता?”

“व्हय.”

“आठ महिने झाले. सांगितलं का नाहीस?”

“इचारलं न्हाईस,” म्हणाला, आणि काच पुसत राहिला. ती कधीच स्वच्छ झालेली होती.

त्या महिन्यात तुरुंगात भेटायला गेले तेव्हा अंकुशला विचारलं. जाळीच्या पलीकडे तो जरा भरल्यासारखा दिसत होता. म्हणाला, “इथं भाकरी बिनवजनाची देतात, मामाला सांग, येऊन काटा लाव.” मग त्यानं माझा चेहरा बघितला. हळूहळू सगळं बोलला. नाक्यावर रस्त्याच्या कडेला लिंबाच्या फांदीला मामानं काटा टांगला होता. अंकुशला दोन पोलिसांच्या मधे बसवलेलं. मामाची आणि त्याची एकदाच नजर झाली. मग मामानं पोतं चढवलं आणि नेहमीसारखाच म्हणाला, लाभ. पंच हसले. एक पोलीस म्हणाला, गांजाला कसला आलाय लाभ. मामा हसला नाही. दुसरं पोतं चढवलं, म्हणाला, दोन. आकडे सांगितले, सही केली, काटा उतरवला आणि चालायला लागला.

“त्यानं तुला सांगितलं असेल असं वाटलं,” अंकुश म्हणाला. “नसेल सांगितलं तर मी कशाला सांगू?”

मग मी त्याला ते विचारलं जे विचारायला इतके दिवस घाबरत होते. तुला ठाऊक होतं का?

त्यानं जाळीला कपाळ टेकलं. “ढाब्यावर नव्हतं ठाऊक, आईशप्पत. पण दहा मैल गेल्यावर वास आला, अक्का. मी काच खाली केली. टेम्पो थांबवला नाही. काच खाली केली.”

मी घरी येताना ठरवलं, वकील मी शोधणार. जसा माल शोधतात तसा. बाजारात व्यापारी पोत्याच्या तोंडाशी मांडलेले दाणे बघून भाव करत नाही. लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसतो आणि आतले दाणे तळव्यावर घेतो. मी तीन दिवस रोजगार बुडवून जिल्हा न्यायालयात जाऊन बसले. शेवटच्या बाकावर. कोण कसं बोलतं ते बघत. मोठ्यानं बोलणारे बरेच होते. तिसऱ्या दिवशी एक बाई उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या, काळ्या कोटाची एक बाही उसवलेली आणि पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली. समोरच्या साक्षीदाराला त्यांनी एक प्रश्न विचारला आणि गप्प उभ्या राहिल्या. साक्षीदार चुळबुळला, त्या गप्पच. शेवटी तो खरं बोलला. मला वाटलं, ही नळी आत जाते.

त्यांचं नाव रेहाना काझी. ऑफिस नव्हतं. कोर्टाच्या आवारात वडाखाली टेबल, दोन खुर्च्या आणि लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. मी बाहीकडे बघत होते ते त्यांनी पाहिलं.

“शिलाई वाईट आहे ना?” म्हणाल्या.

मी म्हटलं, टाका मजबूत आहे, दोरा चुकला.

त्या हसल्या. पैशाचं बोलणं त्यांनी एका वाक्यात संपवलं, मग कागद घेतले आणि मला वाटलं त्याच्या दुप्पट वेळ वाचत बसल्या. मधे एकदा चहा मागवला, तोही गार झाला. शेवटी चष्मा काढला.

“पोलिसांनी काम नीट केलंय, हीच आपली पंचाईत आहे. सील आहे, नमुने आहेत, तारखा जुळतात. मालही नियमाप्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीनं जाळून टाकलाय, नमुने तेवढे उरलेत. पुन्हा तोलून बघायला पोती राहिली नाहीत.” मग त्यांनी मला कायदा सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा. ताब्यात गांजा सापडणं हा गुन्हा. पण किती सापडला, यावर सगळं ठरतं. एक किलोपर्यंत एक शिक्षा, वीसच्या वर गेलं तर सगळ्यात कडक, आणि मधलं असेल तर न्यायाधीशांच्या हातात थोडी जागा राहते. “तुझा भाऊ रेषेच्या एक किलो तीनशे ग्रॅम पलीकडे आहे. भावाला माहीत होतं का नव्हतं, हा वेगळा मुद्दा. तो मी मांडीन. पण तो म्हणतोय की वास आला होता?”

“हो.”

“बरं झालं सांगितलंस. आता मी ‘त्याला काहीच माहीत नव्हतं’ असं छातीठोक म्हणणार नाही. सिद्ध करा म्हणेन.” त्यांनी पंचनाम्याचं तिसरं पान वर काढलं. “हे वजन कसं करतात, ते मला दाखव. मी जन्मात पोतं उचललेलं नाही.”

काटा नव्हता. मी त्यांचं एक लाल दप्तर उचललं, वडाच्या पारंबीला पदराच्या गाठीनं अडकवलं. हसायला आलं मला, पण दाखवायला लागले. पोतं असं चढवायचं. काटा असा स्थिर होऊ द्यायचा, हात लावायचा नाही. मग बोलायचं. आणि मी मामाच्या पट्टीत म्हटलं, “लाऽभ… दहा सातशे. दोऽन… दहा सहाशे.” दोन-तीन वकील माना वळवून बघायला लागले. मी भानावर नव्हते. दप्तर उतरवलं आणि सवयीनं खालच्या पट्टीत आले, “बारदान—”

आणि थांबले.

“बारदान काय?” काझीबाई म्हणाल्या.

मी तिथंच पारावर बसले. त्यांना सांगितलं, रिकाम्या पोत्याचं वजन. पोत्यामागे किलो. दोन पोत्यांचे दोन किलो. एकोणीस तीनशे. हे दोन शब्द मामा जन्मभर बोलत आला, बहिणीलासुद्धा सोडलं नाही. आणि त्या दिवशी नाक्यावर तो लाभ म्हणाला, दोन म्हणाला, आणि निघून गेला. अंकुशनं सांगितलं तेव्हा माझ्या कानांना ती खोट ऐकूच आली नव्हती.

काझीबाईंनी पंचनामा पुन्हा वाचला. त्यात बारदानाचा शब्द नव्हता. वजा केलं असंही नाही, केलं नाही असंही नाही.

“मामा विसरले असतील?”

“मामा श्वास घ्यायला विसरेल,” मी म्हटलं.

त्यांनी पंचनामा मिटला. “ते सरकारी साक्षीदार आहेत. मी त्यांना भेटणार नाही. तूही त्यांना काही शिकवायचं नाहीस, शेवंता. एक शब्द नाही. उद्या सरकारी वकिलांनी विचारलं, घरी काय ठरलं, तर त्यांना ‘काही नाही’ म्हणता आलं पाहिजे. आणि ते खरं असलं पाहिजे.”

“आणि तो खोटं बोलला तर? म्हणाला, वजा केलं होतं?”

“तर तुझा भाऊ दहा वर्षं आत राहील,” काझीबाई म्हणाल्या. “तोलार आहेत ना? मग बघू.”

साक्षीची तारीख यायला पाच महिने लागले. समन्स आलं तेव्हा मामानं ते घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवलं. मी त्याच घरात त्याच्यासाठी रोज भाकरी थापत होते, तो माझ्यासमोर बसून जेवत होता, आणि आमच्या दोघांच्या मधे ते दोन शब्द ताटासारखे ठेवलेले होते. एकदा माझ्यानं राहवलं नाही. मी फक्त “मामा” म्हटलं. त्यानं हात वर केला.

“घरात न्हाई, शेवंते. घरात बोललो तर ते तुझ्यासाठी बोलल्यावानी व्हईल.”

त्या महिन्यांत मी पोती शिवताना आईची ओवी म्हणणं सोडून दिलं. बाया विचारायच्या, मी म्हणायचे, दाभण बोथट झालं.

निकाल काय लागला ते आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचं आहे ते निकालाचं नाही. त्या साक्षीनंतर अंकुशला जामीन झाला. पुढे कोर्टानं वीसच्या आतला गुन्हा धरला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष ठरला नाही, आणि तो तसं कधी म्हणालाही नाही. आत काढलेले दिवस धरून उरलेली शिक्षा त्यानं भोगली, बाहेर आला, आज त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. अनोळखी पोतं दिसलं की तो आधी तोंडाची शिलाई सोडायला लावतो. लोक चिडतात. चिडू देत. काझीबाई दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येतात. त्यांची ती बाही मी काळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवून दिली. मामा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याचा काटा माझ्या घरात खुंटीला आहे. पोरं विचारतात, हा गंजका तराजू कशाला ठेवलाय. मग मी त्यांना ती सकाळ सांगते.

चैत्रातली सकाळ. मामानं धुवट धोतर नेसलं होतं, पांढरी टोपी घातली होती. आम्ही एकाच एसटीनं गेलो, पण तो पुढं बसला, मी मागं. कोर्टात अंकुशला आणलं. तो मामाकडे बघत नव्हता, स्वतःच्या पायांकडे बघत होता. मी त्याच शेवटच्या बाकावर बसले जिथून मी वकील निवडला होता.

मामा पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं त्यानं सरळ सांगितलं. हो, मला बोलावलं. हो, काटा माझा. काटा बरोबर होता, त्याच वर्षी शिक्का मारून घेतला होता. पहिलं पोतं दहा सातशे. दुसरं दहा सहाशे. सही माझी. सरकारी वकील समाधानानं खाली बसले.

काझीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी कागद हातात घेतला नाही.

“तुम्ही किती वर्षं तोलार आहात?”

“एकतीस.”

“त्या दिवशी जे वजन सांगितलं, ते पोत्यासकट होतं की पोत्याशिवाय?”

आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. पंखा वर कुरकुरत होता. मी डोळे मिटले. मामाला नुसतं म्हणायचं होतं, मला आठवत नाही. किंवा, पोत्याशिवाय. दोन्ही म्हणायला सोपं होतं. एकतीस वर्षांचं नाव जपायला तेच सोपं होतं.

“पोत्यासकट,” मामा म्हणाला.

“बारदान वजा करायचा बाजारात रिवाज आहे?”

“हाय.”

“त्या दिवशी केलंत?”

“न्हाई.”

काझीबाई तिथंच थांबल्या. मला नंतर कळलं की वकिलानं ‘का’ विचारायचं नसतं, उत्तर काय येईल सांगता येत नाही. त्या बसायला वळल्या. पण न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले होते. साठीकडे झुकलेले गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून मामाकडे पाहिलं.

“एकतीस वर्षं सगळ्यांचं वजा करता. त्या दिवशी का केलं नाही?”

मामानं टोपी काढली. ती हातात धरली. पहिल्यांदाच अंकुशकडे पाहिलं.

“सायेब, त्यो माझा भाचा हाय.”

सरकारी वकील उठायला लागले. न्यायाधीशांनी हात करून त्यांना बसवलं.

“बापाविना हातावर वाढीवला. नाक्यावर गेलो तर हा बसल्याला. म्या काटा टांगला. माझा काटा कुणासाठी हालत न्हाई, त्याच्यासाठीबी हालला न्हाई. आकडा पडला त्योच सांगितला.” त्याचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. “त्याच्या आईचं ज्वारीचं पोतं आलं हुतं एकदा माझ्याकडं. तिचं बारदान वजा केलं तवा तिचं नुकसान व्हत हुतं, म्हणून बोलायला धीर झाला. हितं वजा केलं तर ह्याचा फायदा व्हत हुता. जीभ उचलंना. वाटलं, आपल्या माणसाला सूट दिल्यावानी व्हईल. परक्याचं पोतं असतं तर आपूआप बोललो असतो. परक्याला देतो ते म्या घरच्या पोराला दिलं न्हाई.”

तो पुन्हा न्यायाधीशांकडे वळला.

“त्या दिवसापासनं ते शब्द तोंडात घिऊन बसलोय. बाजारातबी निघंनात. काटा खोटा न्हाई सायेब. माप म्या अपुरं सोडलं. ही खोट माझी हाय, त्याची न्हाई.”

अंकुश रडत होता. आवाज न करता, खांदे हलत होते. मी नाही रडले. मी शेवटच्या बाकावर ताठ बसले होते, आणि मला वाटत होतं की आई शेजारी असती तर पदर खोचून म्हणाली असती, बघा, हा माझा भाऊ.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी लेखनिकाकडे पाहिलं आणि मामाला म्हणाले, “मग आता माप पुरं करा. नोंद घ्यायची आहे.”

मामानं टोपी पुन्हा घातली. उजवा हात वर नेला, जिथं काटा असतो तिथं, आणि तो हवेत स्थिर धरला, काटा थांबायची वाट बघावी तसा. मग त्या कोर्टात, चौदा महिन्यांनी, त्याचा आवाज शेडखालून यायचा तसा वर चढला.

“लाऽभ… दहा सातशे. दोऽन… दहा सहाशे.”

हात खाली आला. आवाज खालच्या पट्टीत उतरला.

“बारदान वजा.”